शिक्षकांचे परदेश अभ्यासदौरे : कुर्ला आणि मुंबई उपनगर

शालेय शिक्षकांनी परदेशातील शाळा, अध्यापनपद्धती आणि लोकजीवन यांचा जवळून परिचय करून घेण्यासाठी केलेला प्रवास. खर्च बहुधा शिष्यवृत्तीतून, शासनाकडून किंवा शिक्षणसंस्थेकडून होतो. मुदत आठवड्याभरापासून दीड वर्षापर्यंत असते. मे महिन्याच्या सुट्टीत निघणाऱ्या सहलींनाही ‘अभ्यासदौरा’ म्हणण्याची पद्धत आहे. स्थळदर्शनाच्या कार्यक्रमात एखादी शाळाभेट बसवली की तेवढ्यावर हे नाव मिळते. ज्या दौऱ्यात शिक्षक परक्या वर्गात मागच्या बाकावर बसतो, स्वतः एखादा तास घेतो आणि संध्याकाळी तिथल्या कुटुंबात जेवतो, अशाच दौऱ्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचा आरंभ पंडिता रमाबाईंपासून धरणे योग्य ठरेल. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डॉरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि तिथेच त्यांनी संस्कृतही शिकवले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या आणि तिथेच थांबून त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे प्रशिक्षण घेतले. परतीचा प्रवास जपानमार्गे झाला. मुंबईत आल्यावर, मार्च १८८९ मध्ये, त्यांनी चौपाटीवर शारदा सदन सुरू केले. याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरील मराठी पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्यात शाळा, ग्रंथालये आणि स्त्रियांच्या संस्था यांचे बारकाईने केलेले वर्णन आहे. शिकून येणे, लिहून ठेवणे आणि संस्था उभी करणे ही तिन्ही कामे त्यांनी केली. आजच्या दौऱ्यांकडून आपण फारच थोडी अपेक्षा ठेवतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. मुंबईतल्या शाळांमध्ये शिकवून पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणाऱ्या कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले, त्यामागे या पुस्तिकेची प्रेरणा होती. ज्या विद्यापीठाने वाट दाखवली ते त्यांनी पाहिले मात्र पुष्कळ नंतर. मार्च १९२९ मध्ये, वयाची सत्तर वर्षे झाल्यावर, ते निघाले. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला ते हजर राहिले, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये बोलले, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग मांडला, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात ते सहभागी झाले आणि अमेरिका करून, टोकियोचे ते विद्यापीठ पाहून ते एप्रिल १९३० मध्ये परतले. डिसेंबरमध्ये पुन्हा आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. कर्वे परदेशी गेले ते आपले काम मांडायला. देवाणघेवाण या शब्दातली ‘देवाण’ त्यांच्या दौऱ्यात ठळक आहे. ती पुढे बरीच मागे पडली.

स्वातंत्र्यानंतर या प्रवासाला शिष्यवृत्त्यांचा नियमित मार्ग मिळाला. अमेरिकेतील फुलब्राइट कायदा १९४६ चा. युद्धानंतर परदेशात पडून राहिलेल्या अमेरिकी सामग्रीच्या विक्रीचा पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीकडे वळवण्याची ही कल्पना होती. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारताशी करार झाला; २००८ पासून दोन्ही देश खर्चात वाटा उचलतात आणि शिष्यवृत्तीला फुलब्राइट-नेहरू असे नाव आहे. शाळेच्या शिक्षकांसाठी दोन वाटा आहेत. एक सुमारे सहा आठवड्यांची, माध्यमिक शिक्षकांसाठी, ज्यात विद्यापीठातील प्रशिक्षणाबरोबर तिथल्या शाळेत प्रत्यक्ष काम असते. दुसरी एका सत्राची, ज्यात शिक्षक स्वतःचा एक प्रश्न घेऊन जातो आणि त्यावर प्रकल्प करतो. या शिष्यवृत्तीच्या व्हिसाला एक अट असते : मुदत संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याखेरीज अमेरिकेत स्थायिक होण्याचा अर्ज करता येत नाही. अनेकांना ही अट जाचक वाटते. पण दौऱ्याचा हेतू खरा ठेवणारी तीच आहे.

जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती दीड वर्षाची असून तिच्यासाठी ३५ वर्षांखालील वय आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी २००८ पासूनचा पाश उपक्रम आहे. विज्ञान शिक्षकांना जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा उन्हाळी शिक्षक कार्यक्रम खुला आहे. तो १९९८ मध्ये सुरू झाला.

अलीकडे राज्य सरकारे स्वतः शिक्षकांना पाठवू लागली आहेत. पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापकांची पहिली तुकडी सिंगापूरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात पाठवले. दिल्लीत फिनलंडच्याच दौऱ्यावरून २०२३ च्या आरंभी सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जाहीर वाद झाला. या दोन देशांकडेच सर्वांची पावले वळतात, याचे कारण आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचण्यांतील त्यांचे यश. आठवड्याभरात फिनलंडची शाळा पाहणाऱ्याला पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतरची पंधरा मिनिटांची सुट्टी दिसते, मोकळे खेळणारी मुले दिसतात. त्यामागे प्रत्येक वर्गशिक्षकाची पदव्युत्तर पदवी उभी आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाला शंभर तास प्रशिक्षणाचा हक्क आहे, तोही शाळाभेटीत दिसण्यासारखा नाही. दौऱ्यावरून परतलेल्यांच्या अहवालांत फर्निचर फार आणि धोरण कमी असते, ते यामुळेच.

कुर्ल्याच्या बाबतीत या प्रवासाच्या कागदपत्रांची कार्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षा पकडली की वांद्रे-कुर्ला संकुल येते. तिथे २०१७ पासून पारपत्राचे कार्यालय असलेले विदेश भवन आहे आणि २०११ पासून अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे. मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुलही शेजारीच. तरीही नेहरूनगर किंवा बैलबाजाराच्या शाळेतल्या बाईंसाठी खरी वाट उलट्या दिशेने सुरू होते. मुख्याध्यापकांची शिफारस, संस्थेचा ठराव आणि मग माध्यमिक शाळा असेल तर चेंबूरला शिक्षण निरीक्षकांचे कार्यालय. प्राथमिक असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग. ना हरकत प्रमाणपत्रावर जावक क्रमांक पडेपर्यंत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यायची की नाही, हे ठरत नाही. खासगी अनुदानित शाळांत सेवाशर्तींचे १९८१ चे नियम लागू असतात. अध्ययन रजा मागावी तर बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि वर्ग कोण सांभाळणार हा प्रश्न उरतोच. निवडणूक आणि जनगणनेच्या कामांना शिक्षक सहज मोकळा होतो. शिकण्यासाठी होत नाही, ही खंत शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे.

हा प्रश्न राज्यभर गाजला तो सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेमुळे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. पुढे त्यांना फुलब्राइट मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेवरून वाद झाला. अखेर तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी परवानगीचे निर्देश दिले. नावाजलेल्या शिक्षकासाठी मंत्र्यांना मध्ये पडावे लागले. अनोळखी शिक्षकाने काय करावे, याचे उत्तर नियमांतच असायला हवे.

परतल्यावरची अडचण निराळी आहे. अमेरिकी माध्यमिक शाळेत खोली शिक्षकाची असते आणि मुले तासागणिक खोल्या बदलतात. भिंतींवरचे तक्ते, कपाटातली पुस्तके, बाकांची मांडणी सगळे त्या विषयाचे. आपल्याकडे मुले एका जागी बसतात आणि बाई हजेरीपट, खडू, डस्टर घेऊन या वर्गातून त्या वर्गात जातात. शिवाय कुर्ल्यासारख्या दाट वस्तीत एकच इमारत सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत चालते. सकाळी मांडलेला वाचनकोपरा साडेबाराच्या घंटेला आवरावा लागतो, कारण त्याच बाकांवर दुसरी मुले, कधी दुसऱ्या माध्यमाची, येऊन बसतात. परदेशात पाहिलेली चांगली गोष्ट इथे टिकत नाही, तेव्हा दोष शिक्षकाच्या उत्साहावर येतो. खरे कारण जागेत आणि वेळापत्रकात आहे. टिकतात त्या गोष्टी पिशवीत मावणाऱ्या : गटचर्चेची पद्धत, मुलांकडून प्रश्न लिहून घेणे, तास संपताना प्रत्येकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घेणे.

सांस्कृतिक देवाणघेवाणीचा भाग बहुतेक दौऱ्यांत एका संध्याकाळपुरता असतो. रांगोळी, लेझीम, पुरणपोळी यांवर तो भागतो. कुर्ल्याच्या शिक्षकाकडे यापेक्षा सांगण्यासारखे बरेच आहे. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत शिकवतात. मराठी, उर्दू आणि हिंदी शाळा एकाच आवारात नांदतात, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे गावठाण गिरण्यांच्या काळापूर्वीपासून इथे आहे. स्थलांतरित मुलांना कसे शिकवावे हा आज युरोपातील शाळांपुढचा मोठा प्रश्न आहे आणि इथल्या शिक्षिका तो रोज हाताळतात. हा अनुभव प्रबंध म्हणून मांडण्याची संधी त्यांना मिळाली, तर कर्व्यांच्या दौऱ्यातली ‘देवाण’ पुन्हा सुरू होईल.

प्रवासाविना देवाणघेवाण हा अलीकडचा पर्याय. डिसले यांनी परितेवाडीतून दूरदृश्य माध्यमाने इतर देशांतील वर्गांना सहली घडवल्या. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा ताणलेल्या संबंधांच्या देशांतील मुलांना बोलते करणारा उपक्रमही चालवला. कुर्ल्यात यासाठी घड्याळ पाहावे लागते. सकाळच्या अधिवेशनाचे साडेसात म्हणजे जपानमधील अकरा, म्हणून मराठी शाळेचा पहिला तास जपानी वर्गाशी जोडता येतो. दुपारच्या अधिवेशनात चार वाजता लंडनमध्ये हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र तेव्हा पहाटेचे साडेपाच असतात, त्यामुळे अमेरिकी शाळेशी थेट तास घ्यायचा तर आपल्या मुलांना शाळा सुटल्यावर संध्याकाळी थांबवावे लागते, आणि त्यासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यावी लागते.