पान नंबर एक कुठलं?

मागच्या शनिवारी निघालो होतो महाबळेश्वरला, पण अडकलो वाईतच. तिथे माझे काका असतात, निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या आळीचा इतिहास लिहिलाय, आणि "तू कॉम्प्युटरवाला" एवढ्या एका कारणावरून तो इनडिझाईनमधे लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुस्तक तयार होतं. कुठला वाडा कुठल्या पानावर, याची सूची काकांनी महिनाभर बसून हाताने केली होती. आणि शनिवारी म्हणाले, "अरे, प्रस्तावना आली बघ. सहा पानं आहेत."

सहा पानं पुढे घातली आणि सूचीतला एकूण एक आकडा चुकला! काका काही बोलले नाहीत. वही काढून पहिल्यापासून सुरुवात करायला बसले. मलाच कसंतरी झालं.

पण मंडळी, हा घोळ कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. खिळ्यांच्या काळात जुळारी एकेक अक्षर जुळवायचा, आठ किंवा सोळा पानांचा फर्मा छापला की खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला वापरायचे. छापलेलं पान परत मागे घेता येत नसे. प्रस्तावना मात्र नेहमी शेवटी यायची, कारण लिहिणाऱ्याला आधी पुस्तक वाचायला हवं ना! उपाय सोपा होता. मजकूर १ पासून सुरू करायचा आणि पुढच्या पानांना वेगळाच क्रम द्यायचा. इंग्रजीत त्यासाठी रोमन आकडे आले. आपल्याकडे कितीतरी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांवर ‘सात’, ‘आठ’ असं अक्षरी छापलेलं दिसतं, ते यासाठीच. ज्ञानकोशकार केतकरांनी तर कहर केला. त्यांच्या तेवीस खंडांपैकी पहिले पाच निव्वळ प्रस्तावनाखंड!

त्याच्याही आधी पोथी. पोथीची पानं सुटी, शिवण नाही. वाऱ्याने उडाली तर क्रम लावायला कोपऱ्यातला पत्रांक हाच आधार. आणि तो पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच!

वाईत हे सगळं आठवायला आणखी एक कारण आहे. मराठी विश्वकोश इथलाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड निघाला १९७६ मधे, विसावा २०१५ मधे. तर्कतीर्थ १९९४ मधे महाबळेश्वरला वारले, शेवटचा खंड पहायला ते नव्हते. आता बघा, विश्वकोशात एका नोंदीतून दुसरीकडे पाठवायचं तर ‘पहा’ लिहून त्या नोंदीचं नाव देतात, पान नाही. देणार तरी कुठून? ‘अ’ छापताना ‘ह’चं पान अजून जन्मायचं होतं. आम्ही प्रोग्रॅमर लोक ‘आकडा हार्डकोड करू नका’ म्हणून घसा कोरडा करतो, ते या मंडळींनी खिळ्यांच्या काळातच ओळखलं होतं.

पान नंबर हा पत्ता असतो. एकदा लोकांना दिला की तो हलता कामा नये.

असो. तर मी काय केलं? पेजेस पॅनेलमधे मजकुराच्या पहिल्या पानावर राइट क्लिक, ‘नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स’, ‘स्टार्ट सेक्शन’, आणि सुरुवात १ पासून. पुढच्या पानांना रोमन स्टाईल दिली, नाहीतर एकाच नंबरची दोन पानं झाली म्हणून ते कुरकुरतं. अक्षरी आकड्यांची सोय मला यादीत दिसली नाही. मग प्रत्येक पुढचं पान स्वतंत्र सेक्शन केलं आणि सेक्शन मार्करमधे ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ हाताने लिहिलं. जुगाड आहे, पण चालतो.

सूची जशीच्या तशी जुळली. काकांनी चार-पाच वाडे तपासले, वही मिटली आणि विचारलं, "म्हणजे आता प्रस्तावना कितीही वाढली तरी चालेल?"

घाबरत घाबरत हो म्हणालो. पसरणीचा घाट रविवारी चढलो.