इंग्लंडच्या तीन नगरांत

इंग्लंडमधील ऐतिहासिक नगरे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांच्या सहली निघतात, तेव्हा हाती दिलेल्या माहितीपत्रकात मनोऱ्यांची उंची असते, कमानींची शैली असते, राजांच्या सनावळ्या असतात. शिक्षणानिमित्त तिकडे गेलेल्या आम्हा काही मराठी कॅथलिक विद्यार्थ्यांना अशाच एका सहलीत कँटरबरी, विंचेस्टर व ऑक्सफर्ड ही नगरे पाहावयास मिळाली. जे उभे आहे ते भव्य आहेच. परंतु येथे काय मोडले गेले आणि कोणी मोडले, हे जाणून घेतल्यावाचून त्या दगडांचा अर्थ लागत नाही.

पोप ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टीन (हिप्पोचे विद्वान बिशप ते निराळे) इ. स. ५९७ मध्ये कँटरबरीस आले. येथील कॅथेड्रलमध्ये २९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप थॉमस बेकेट यांना राजाच्या चार सरदारांनी ठार केले. पुढे त्यांच्या समाधीच्या दर्शनासाठी शतकानुशतके यात्रेकरूंची रीघ लागली. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने ती समाधी उद्ध्वस्त झाली. आज त्या जागी मोकळी फरशी आहे व तिच्यावर एक मेणबत्ती तेवत असते. समोरचा दगड मात्र भाविकांच्या गुडघ्यांनी झिजलेला आहे. राजाज्ञेला ती झीज काही पुसता आली नाही.

विंचेस्टरला संत स्विदन यांच्या समाधीचीही त्याच वर्षी तीच गत झाली. तेथे आम्ही सर्वांत अधिक वेळ घालविला तो पश्चिमेकडील प्रचंड खिडकीसमोर. १६४२ मध्ये पार्लमेंटच्या सैनिकांनी पेट्यांतील सॅक्सन राजांची हाडे फेकून ती फोडली, असे सांगतात. १६६० नंतर काचांचे तुकडे पुन्हा बसविण्यात आले. पण मूळ चित्रे जुळविणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. म्हणून ते जसे हाती आले तसे लावले गेले. कोठे एखादा चेहरा, कोठे वस्त्राचा काठ, बाकी नुसता रंग! दुरुस्तीचा देखावा न करणारी अशी दुरुस्ती आम्ही अन्यत्र पाहिली नाही.

याच कॅथेड्रलचा पाया पाणथळ जमिनीत खचू लागला, तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ ते १९११ या काळात काळ्याकुट्ट पाण्यात उतरून, चाचपडत, काँक्रीटच्या हजारो पिशव्या रचल्या. गंमत अशी की, १९६४ मध्ये त्याचा पुतळा बसविला, तो चुकून इंजिनिअरसाहेबांच्या चेहऱ्याचा! ही चूक सुधारावयास २००१ साल उजाडले.

ऑक्सफर्डला आमच्यातील हास्यविनोद थांबला. ब्रॉड स्ट्रीटवर भर रस्त्यात दगडांचा एक क्रूस जडविलेला आहे. तेथे बिशप लॅटिमर व बिशप रिडली यांना १६ ऑक्टोबर १५५५ रोजी जिवंत जाळण्यात आले, आणि आर्चबिशप क्रॅनमर यांना २१ मार्च १५५६ रोजी. हे तिघे प्रॉटेस्टंट, आणि त्यांना जाळणारी राणी मेरी कॅथलिक. बालपणापासून आम्ही हुतात्म्यांच्या ज्या कथा ऐकल्या, त्यांत जल्लाद नेहमी दुसऱ्या बाजूचा असे. आमच्यातील एकाने ‘ते राजकारण होते’ असे म्हणून पाहिले. पण मग दुसऱ्या बाजूनेही तेच म्हणावयाचे काय, यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

तेथून थोडे चालून गेले की हॉलीवेल स्ट्रीट लागतो. तेथील एका भिंतीवरील फलक सांगतो की, ५ जुलै १५८९ रोजी दोन धर्मगुरू व त्यांचे दोन प्रापंचिक साथी यांना कॅथलिक श्रद्धेपायी देहदंड देण्यात आला. सहलीच्या कार्यक्रमात हे ठिकाण नव्हते. आम्ही आपण होऊन गेलो. विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या हुतात्म्यांची नावे एकाच शिळेवर कोरलेली आहेत. त्या शिळेपुढे आम्ही जी प्रार्थना केली, तीत कोणाचेही नाव वगळावे असे वाटले नाही.

ऑक्सफर्डच्याच सेंट जॉन्स कॉलेजात एडमंड कॅम्पियन अध्यापक होते. पुढे ते येशूसंघीय झाले आणि १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये फासावर चढले. त्याच पिढीतील एक तरुण, सुमारे १५४९ साली विल्टशर परगण्यात जन्मलेला, देश सोडून रोमला गेला, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याच्या बंदरात उतरला. तो थॉमस स्टीफन्स. कॅम्पियन वधस्तंभाकडे जात होते, तेव्हा हा गोव्यात होता. छळाच्या त्या राज्यातून निघालेल्या याच माणसाने १६१६ मध्ये आपल्या मराठीला सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ दिले. आमच्यासोबतच्या इंग्रज विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्यांचे नाव ऐकले नव्हते, आणि माहितीपत्रकातही ते नव्हते. गोव्यास पोहोचताच फादर स्टीफन्स यांनी वडिलांना प्रवासाची हकीकत सविस्तर कळविली. ते पत्र इंग्लंडात छापलेही गेले. ते स्वतः मात्र परतले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले.