हिरव्या टेकडीचा सातबारा

विंडोज एक्सपीचा वॉलपेपर आठवतोय ना? हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, पांढरे ढग. शाळेची कॉम्प्युटर लॅब, सायबर कॅफे, बँकेचा काउंटर, सगळीकडे तोच फोटो. अनेकांना वाटायचं की हा कॉम्प्युटरवरच बनवलाय. पण ती जागा खरी आहे. आज बोलूया हा फोटो विकला कसा गेला यावर.

जानेवारी १९९६. नॅशनल जिओग्राफिकसाठी वर्षानुवर्षं काम केलेले चार्ल्स ओ'रियर कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातून गाडीने चालले होते. तिथे एरवी द्राक्षबागा. पण फायलोक्सेरा नावाची कीड मुळांना लागली, वेली उपटाव्या लागल्या आणि पावसानंतर मोकळ्या टेकडीवर गवत आलं. नाशिक-सांगलीकडच्या श्रोत्यांना बाग उपटणं म्हणजे काय, ते सांगायला नको. ओ'रियर यांनी गाडी थांबवली आणि मामिया कॅमेऱ्याने, फिल्मवर, तो फोटो काढला.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा फोटो कोणी ऑर्डर देऊन काढून घेतला नव्हता, म्हणून मालकी ओ'रियर यांचीच. त्यांनी तो वेस्टलाइट या स्टॉक एजन्सीकडे दिला. १९९८ मध्ये वेस्टलाइट कॉर्बिसने घेतली. कॉर्बिस ही बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली स्वतःची कंपनी, मायक्रोसॉफ्टपेक्षा वेगळी. पुढे घरातल्या भिंतींवर स्क्रीन असतील आणि त्यांवर चित्रं दिसतील, अशी त्यामागची कल्पना होती. म्हणजे कागदापलीकडच्या हक्कांना किंमत येणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

एजन्सीचा धंदा साधारण दोन प्रकारे चालायचा. एक, राइट्स मॅनेज्ड: कुठे छापणार, किती आकारात, किती प्रती, कोणत्या देशात, किती काळ, यावर दर. दोन, रॉयल्टी फ्री: एकदा पैसे भरा आणि अटी पाळून हवं तितक्यांदा वापरा. दोन्हींत जमीन खंडाने कसायला दिल्यासारखं आहे, सातबारावरचं नाव बदलत नाही. मायक्रोसॉफ्टने मात्र २००० मध्ये थेट खरेदीखत केलं, म्हणजे सगळे हक्क घेतले. मूळ फिल्म पाठवायची वेळ आली, तेव्हा तिची किंमत ऐकून कुरिअर कंपन्या विमा द्यायला तयार होईनात. शेवटी ओ'रियर स्वतः विमानाने ती घेऊन गेले. रक्कम करारानुसार गुप्त आहे. पैसे चांगले मिळाले, पण त्यानंतर फोटो कितीही स्क्रीनवर गेला तरी हिशोब तिथेच संपला.

दुसरी गोष्ट ॲन्सेल ॲडम्स यांची. १९४१ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, म्हणजे तिथे जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याने, त्यांना दिवसाला २२.२२ डॉलरवर नेमलं. त्या कामातले डोंगर-दऱ्यांचे फोटो आज सरकारी अभिलेखागारात आहेत आणि कोणीही वापरू शकतं. पण त्याच दौऱ्यात १ नोव्हेंबर १९४१ ला काढलेला 'मूनराइज, हर्नांडेझ' हा स्वतःच्या वेळेतला, म्हणून स्वतःचा, असं ॲडम्स यांचं म्हणणं होतं. खात्याने त्याला कधी हरकत घेतली नाही. २००६ मध्ये त्याची एक प्रिंट लिलावात ६,०९,६०० डॉलरला गेली. माणूस तोच आणि दौराही तोच, फरक पडला तो फक्त कोणासाठी काढला याचा.

आपल्याकडेही हेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवसायात वापरलं जात नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हक्कात धरलं जात नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. लायसन्स न वाचता आम्ही एखादी लायब्ररीसुद्धा कोडमध्ये घेत नाही, निदान घेऊ नये. मग हरिश्चंद्रगडावर पहाटे कुडकुडत काढलेला फोटो "वापरा की!" म्हणून कसा द्यायचा? उद्या कॅलेंडरवाल्याचा मेसेज आला तर उत्तरात चारच ओळी टाका: कागदावर की स्क्रीनवर की दोन्हीकडे, किती प्रती, किती काळासाठी, आणि दुसऱ्याला पुढे देता येईल की नाही. फुकट द्यायचा असला तरी या ओळी लिहाच.

आणि हो, ती टेकडी. तिथे पुन्हा द्राक्षाचे वेल लावलेत. आज तिथे गेलात तर तो फोटो सापडणार नाही.