भीमेकाठची स्वस्त नाव

अवर्षणाच्या छायेत व कानडी मुलुखाच्या सीमेवर वसलेल्या मैंदर्गीसारख्या गावी नौकेचा विषय काढणे काहीसे विनोदी वाटेल. परंतु ज्या अक्कलकोट तालुक्यातून बोरी नदी भीमेच्या भेटीस जाते, त्या प्रदेशातील भोयांना अल्प द्रव्यात पाण्यावर तरावे कसे, हा प्रश्न पिढ्यानुपिढ्या सोडवावा लागला. सागवानी होडी हा कोकणातल्या कोळ्याचा ऐवज. जी नदी ग्रीष्मात डोहांपुरती उरते, तिच्यासाठी एवढी रक्कम कोणी का गुंतवावी? म्हणून वाळल्या भोपळ्यांची सांगड आली, आणि दक्षिणेकडे बांबूच्या विणीवर चामडे ताणलेली वाटोळी टोपली, जिला कानडीत हरिगोलू म्हणतात व जी १५२० च्या सुमारास दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने विजयनगराजवळ पाहिली. ती सरळ चालत नाही, सारखी गिरक्या घेते, अशी त्याची नोंद आहे. तक्रार रास्तच, पण उथळ, खडकाळ पात्रात चालणारी आणि डोक्यावर घेऊन घरी नेता येणारी दुसरी नाव कोणती? महापुरात तर उसाचा रस आटवण्याची काहीलही नौकेच्या कामी लागे. १९८० साली उजनी धरण पुरे होऊन भीमेला बारमाही विस्तार लाभला, तेव्हा जलाशयावर पत्र्याच्या होड्या दिसू लागल्या.