घरचा इंकजेट प्रिंटर : बसवणी आणि रंगांचे कॅलिब्रेशन

मोबाइलवर सुरेख दिसणारा लग्नातला फोटो घरच्या प्रिंटरवर छापला, की निळा शालू जांभळट होतो आणि माणसांचे चेहरे लालसर येतात. मग शाई बदलून पाहिली जाते, दोन-चार महागडे फोटो पेपर वाया जातात आणि शेवटी प्रिंटरच वाईट ठरतो. बहुतेक वेळा प्रिंटर ठीक असतो. चूक बसवणीत किंवा सेटिंगमध्ये असते. चार शायांच्या साध्या प्रिंटरवर, वेगळे उपकरण न घेता, रंग बरेच जवळ कसे आणावेत ते या लेखात पाहू.

पडदा आणि कागद यांत फरक का पडतो?

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून तो सगळे रंग दाखवतो. कागदावरची शाई उलटे काम करते : खोलीतल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी शाई निळा. त्यामुळे पडद्यावरचे काही झळाळते निळे, हिरवे आणि केशरी रंग चार शायांतून तयारच होत नाहीत. पडद्याची हुबेहूब नक्कल हे आपले उद्दिष्ट नाही. करडा रंग करडाच यावा, त्वचा त्वचेसारखी दिसावी आणि आज आलेला रंग पुढच्या महिन्यातही तसाच यावा, एवढे साधले की पुरे.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल

हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत. यंत्र एका ठरावीक, स्थिर अवस्थेत आणणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्या अवस्थेत यंत्र कोणता रंग कसा छापते याची नोंद असलेली फाइल म्हणजे प्रोफाइल. या फाइलींचा सामायिक नमुना १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने ठरवला, म्हणून त्यांना आयसीसी प्रोफाइल म्हणतात. प्रोफाइल एका प्रिंटर, एका शाई आणि एका कागदाच्या जोडणीपुरतीच खरी असते. यांपैकी एक बदलले, तरी ती उपयोगाची राहत नाही.

बसवणी

१. प्रिंटर सपाट आणि न हलणाऱ्या जागी ठेवा. वाहतुकीसाठी लावलेल्या सगळ्या चिकटपट्ट्या, झाकणाच्या आतल्यासुद्धा, काढा.

२. टाकीचा प्रिंटर असेल, तर बाटलीचा रंग आणि टाकीवरची खूण जुळवूनच शाई भरा. चुकीच्या टाकीत गेलेली शाई नळ्यांपर्यंत पोहोचली, तर काम दुरुस्तीवर जाते.

३. पहिल्यांदा शाई नळ्यांतून हेडपर्यंत ओढली जाते. मॉडेलप्रमाणे याला १० ते २० मिनिटे लागू शकतात. तोवर वीज बंद करू नका. टाकीतली पातळी एकदम खाली गेली, तरी घाबरू नका; ती शाई नळ्यांत भरलेली असते.

४. विंडोज काही वेळा आपणहून साधा ड्रायव्हर बसवते. त्यात कागदाचे प्रकार आणि रंगांची सेटिंग कमी असतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घ्या.

५. नोझल चेक छापा. रेघा तुटक असतील, तर हेड क्लीनिंग करा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तर प्रिंटर बंद करून बारा तास थांबा आणि पुन्हा तपासा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई खर्च होते आणि आतल्या स्पंजात जमा होते, म्हणून उगाच करत राहू नका.

६. शेवटी हेड अलाइनमेंट करा. ते चुकले, तर कडा दुहेरी दिसतात.

नोझल चेक स्वच्छ आल्याशिवाय रंगांना हात लावू नका. मॅजेंटाची काही छिद्रे बंद असतील, तर सगळा फोटो हिरवट येईल आणि तुम्ही सेटिंग बदलत बसाल.

आधी पडदा, मग प्रिंटर

‘प्रिंट काळपट येते’ या तक्रारीचे मूळ बहुधा पडद्याच्या झगमगाटात असते. पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडा आणि शेजारी कोरा फोटो पेपर धरा. दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करा. नाइट लाइट आणि डोळ्यांसाठीची पिवळी छटा बंद ठेवा. पडद्यावर रंगांच्या तापमानाचा पर्याय असेल, तर ६५०० केल्विन निवडा.

ड्रायव्हरमधली सेटिंग

सर्वांत महत्त्वाची सेटिंग कागदाच्या प्रकाराची. किती शाई सोडायची आणि कोणत्या प्रमाणात, हे प्रिंटर तिच्यावरून ठरवतो. ग्लॉसी कागदावर ‘प्लेन पेपर’ निवडून छापले, तर रंग फिके आणि चुकीचे येणारच. कागद इंकजेटसाठीचाच हवा. लेझर प्रिंटरच्या गुळगुळीत कागदावर शाई मुरत नाही, ओघळते. कोणती बाजू छापायची हे कळत नसेल, तर कोपऱ्याला किंचित ओले बोट लावा. लेप असलेली बाजू चिकट लागते.

दुसरा नियम : रंग सांभाळणारा एकच असावा. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाची प्रोफाइल निवडली असेल, तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. एप्सनमध्ये ती ‘कलर करेक्शन’खाली आणि कॅननमध्ये ‘कलर/इंटेन्सिटी’च्या मॅन्युअल भागात ‘मॅचिंग’खाली सापडते. दोघांनीही दुरुस्ती केली, तर रंग दोनदा बदलतो आणि चेहरे लालभडक किंवा गुलाबी येतात. प्रोफाइल नसेल, तर फोटो एसआरजीबीमध्ये ठेवा आणि सगळे काम ड्रायव्हरवर सोडा. फोटो आपोआप सुधारणारा पर्याय मात्र बंद ठेवा. तो प्रत्येक फोटोला वेगळा न्याय लावतो.

चाचणी छपाई

एका पानावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्यांची पट्टी, एक-दोन चेहरे आणि शुद्ध रंगांचे चौकोन मांडा. पान ४ × ६ इंची कागदावर छापा आणि निदान तासभर, जमल्यास रात्रभर, वाळू द्या. मग दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी बघा. पिवळ्या दिव्याखाली तीच प्रिंट वेगळी दिसते.

आधी करडी पट्टी पाहा. चेहऱ्याच्या रंगाबाबत मतभेद होतील, पण करड्यात शिरलेली छटा डोळ्याला लगेच कळते. काही मॉडेलमध्ये काळी शाई साध्या कागदासाठीच असते आणि ग्लॉसी कागदावरचा करडा इतर तीन शायांतून बनतो. अशा प्रिंटरवर ही छटा अधिक जाणवते. दुरुस्ती अशी :

• करडा हिरवट : मॅजेंटा थोडा वाढवा.
• करडा गुलाबी-जांभळट : मॅजेंटा कमी करा.
• करडा लालसर : सायन वाढवा.
• करडा निळसर : पिवळा वाढवा.
• करडा पिवळट : पिवळा कमी करा.

एका वेळी एकच बदल, तोही अगदी लहान. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने सेटिंग लिहा. तीन-चार प्रयत्नांत समाधानकारक रंग मिळाला, की ती सेटिंग नाव देऊन जतन करा. कागद बदलला, तर हीच चाचणी पुन्हा करावी लागेल.

फोटो पेपर बनवणाऱ्या अनेक कंपन्या ठरावीक प्रिंटरसाठी प्रोफाइल मोफत देतात, पण त्या कंपनीची मूळ शाई गृहीत धरून. बाजारातली पर्यायी शाई भरली असेल, तर वरची हाताने केलेली चाचणीच जास्त उपयोगी पडते.

रंग टिकवण्यासाठी

• आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापा, म्हणजे छिद्रे सुकत नाहीत.
• प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा. थेट भिंतीवरचा स्विच बंद केला, तर हेड झाकणाखाली जात नाही आणि शाई वाळते.
• पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वळतो. फोटो पेपर मूळ पाकिटात बंद करून आडवा ठेवा.
• शाईची पातळी खालच्या रेषेच्या वर ठेवा. नळ्यांत हवा शिरली की रंग तुटतात.

महिन्याकाठी तीच चाचणी पुन्हा छापून जपून ठेवलेल्या पहिल्या प्रिंटशी ताडून पाहा. फरक दिसला, तर सेटिंगला हात लावण्याआधी नोझल चेक करा.