पोटॅशियमने आखडलेली नजर
१९५४ साली मिशिगनमध्ये डॉक्टर जेरोम कॉन यांच्याकडे उच्च रक्तदाब, स्नायूंची दुर्बलता आणि घटलेले पोटॅशियम असलेली ३४ वर्षांची स्त्री आली. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ काढल्यावर ती सावरली आणि पोटॅशियमची घट हीच आजाराची खूण ठरली. या ठळक पहिल्या रुग्णानेच पुढच्या डॉक्टरांची नजर आखडली, असे मला वाटते. नंतर अल्डोस्टेरॉन वाढवणारे मूत्रपिंडातले रेनिन मोजता येऊ लागले: ते दबलेले असेल तर अल्डोस्टेरॉनवाढीचे मूळ ग्रंथीतच, वाढलेले असेल तर बहुधा मूत्रपिंडाच्या घटत्या रक्तपुरवठ्यात. पोटॅशियम सामान्य असताना हा आजार क्वचितच असणार, हा आक्षेप तेव्हा रास्त वाटे; पण अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर तपासले जाऊ लागल्यावर बहुतेक रुग्ण सामान्य पोटॅशियमचेच निघाले. कॉन यांनी साठच्या दशकातच हे मांडले होते, आणि अनेकांनी ते अतिशयोक्ती म्हणून झिडकारले.