शहराची नाडी पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, याचा उलगडा झाला नव्हता. घाण, अंधार आणि कोंदट हवा यांतून रोग उपजतो, ही समजूत प्रबळ होती. म्हणून १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा मार्ग धरला. रस्ते झाले, वारा खेळू लागला. पण ज्यांची घरे गेली त्यांतले कितीतरी लोक शेजारच्या वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले. गंमत अशी, की त्याच १८९८ साली सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. ते सर्वांना पटायला मात्र बरीच वर्षे लागली.

वस्ती सुधारायची तर ती आधी पाडलीच पाहिजे का? या प्रश्नाला वेगळे उत्तर देणारे एक गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. ते इंजिनियर नव्हते, वास्तुशिल्पीही नव्हते. ते स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा. लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे जमेना. मग त्यांनी आपली नजर मोठ्या सजीवाकडे, म्हणजे शहराकडे वळवली. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर पतिपत्नी एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या वस्तीत राहायला गेली. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना रंग दिला, चौक झाडले, जागा सापडेल तिथे झाडे लावली.

जीव आणि त्याचा परिसर एकमेकांना घडवतात, हे जीवशास्त्रज्ञाला ठाऊक असते. गेडिस यांनी हाच विचार गावाला लावला. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींचा मेळ समजल्याशिवाय आराखड्याला हात घालायचा नाही, आधी निदान आणि मग उपचार, हा त्यांचा नियम होता.

भारतातल्या कामाची सुरुवात संकटाने झाली. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने १९१४ मध्ये बुडवले. सहकाऱ्यांनी नवे नकाशे आणि चित्रे जमवून पाठवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतर गेडिस मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील गावे पायी पालथी घालू लागले.

त्यांची पद्धत सोपी वाटते, पण कष्टाची आहे. नकाशा हातात घेऊन गल्लीगल्लीतून हिंडायचे. कोणते घर टिकाऊ आहे, कोणते पडायला आले आहे, विहीर कुठे, देऊळ कुठे, सावली कुठे, हे टिपायचे. मग सरळ रेघ मारून रस्ता न काढता फक्त पडकी घरे दूर करायची आणि मोकळ्या झालेल्या जागा एकमेकींना जोडायच्या. तिथे एखादे झाड येते, मुलांना खेळायला अंगण मिळते. अवयव कापून टाकण्याऐवजी तो वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेसारखेच हे. हिवतापाच्या भीतीने गावतळी बुजवली जात, तेव्हा गेडिस म्हणत की तळ्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. तळे हवा थंड ठेवते आणि पावसाचे पाणीही साठवते.

सर्वांत बोलका प्रसंग होळकरांच्या इंदूरचा. त्यांचा दोन खंडांतला इंदूर अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची तयारी चालू असताना शहरात प्लेग होता. गल्लीत गेडिस दिसले की लोक बिचकत. चौकशी केल्यावर कळले की हाच साहेब प्लेग आणतो, असे लोकांना वाटते. नकाशा घेतलेला माणूस दिसला म्हणजे घर जाणार, हे ते जाणून होते. गेडिस यांनी त्यावर उपाय काढला. दरबारच्या संमतीने त्यांनी दिवाळीची मिरवणूक स्वतः आखली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागात घरांची सफाई आणि डागडुजी सर्वांत जास्त झाली असेल, तिथूनच जाईल. मग घरोघर झाडलोट सुरू झाली, कचऱ्याच्या हजारो गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षसी उंदीर होता, लक्ष्मी होती आणि स्वच्छ कपड्यांत, मानाने चालणारे सफाई कामगारही होते.

या मिरवणुकीने प्लेग गेला, असे आम्ही म्हणणार नाही; प्लेगच्या साथीला चढउतारांचा स्वतःचा हंगाम असतो. पण अडगळ गेली की उंदरांचा आसरा जातो, हे खरे. आणि भिंत न पाडता शहर स्वच्छ करता येते, हे त्या दिवशी हजारोंनी पाहिले.

१९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि त्यांच्यामागे तो विभाग मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी सांभाळला. गेडिस यांच्या बऱ्याच योजना कागदावरच राहिल्या. त्यांचे बोलणे भरकटे, लिहिणे गुंतागुंतीचे असे. अहवाल मागवणारे दरबार आणि नगरपालिका होत्या; अखेरचा निर्णय गल्लीत राहणाऱ्यांच्या हाती नव्हता. तरीही प्रयोगशाळेतल्या आम्हां मंडळींना त्यांच्याकडून एक धडा घ्यावासा वाटतो. निरीक्षण पुरे झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही शिस्त गल्लीतही लागू पडते.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. मुलांना शाळेजवळच्या एका गल्लीचा नकाशा काढायला सांगावा आणि तिथे काय सुधारावे ते विचारावे. मात्र पाडायचे काय याची यादी करण्याआधी, राखायचे काय याची यादी त्यांनी करावी.